इंग्रजी व्याकरण वाचून मराठीचं व्याकरण लिहिणारा २२ वर्षांचा तरुण : दादोबा पांडुरंग

गिरगाव मेट्रो स्टेशनातून वर आलात की ठाकूरद्वारचा नाका जवळच आहे. तिथे उभं राहून एक खेळ करून बघा. 'गिरगाव' हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिलंय ते मोजा. मेट्रोच्या पाटीवर शेवटी ओ-एन. जुन्या कागदपत्रांत आणि कित्येक पत्त्यांत यू-एम. ठाकूरद्वारचंही तेच. साहेबाच्या काळात 'ठाकूर'मधल्या दीर्घ ऊसाठी दोन ओ लावायचे, आता एका यूवर भागतं. टॅक्सी मात्र स्पेलिंग न विचारता बरोबर नाक्यावर आणून सोडते.

गावाच्या नावाला दोन स्पेलिंग चालतात, पण आपण कमेंटमध्ये 'लूज'चा एक ओ जास्त टाकला की संपलं. मुद्दा काय होता ते सगळे विसरतात आणि खाली इंग्रजीचा क्लास सुरू होतो. मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांनी याच भीतीने मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही.

आता या नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने सरळ उत्तरेला चालत गेलात की प्रार्थना समाजचा नाका लागतो. ज्या संस्थेवरून या नाक्याला नाव पडलं, तिच्या संस्थापकांपैकी एक होते डॉ. आत्माराम पांडुरंग. आजची गोष्ट त्यांच्या थोरल्या भावाची आहे. इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक हातात पडल्यावर या माणसाला एक वेगळाच प्रश्न पडला. इंग्रजीला नियमांचं असं पुस्तक आहे, मग माझ्या भाषेला का नाही?

त्यांचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ते ओळखले जातात. आणि गंमत म्हणजे, आपण इंग्रजीत आज जिथे जिथे चुकतो, त्यातल्या बऱ्याच जागांचा नकाशा दादोबांच्या कामात सापडतो.

पंतोजींच्या शाळेतून इंग्रजी शाळेत

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं, म्हणून आडनाव तर्खडकर. याच वसईला इंग्रज 'बॅसीन' म्हणायचे. म्हणजे स्पेलिंगचा घोळ आडनावाच्या गावापासूनच सुरू.

सुरुवातीचं शिक्षण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पंतोजींच्या शाळेत झालं. तिथे हिशेब, पाढे, मोडी अक्षर शिकवायचे. व्याकरण नावाचा विषय मराठीसाठी नव्हताच. आपली भाषा आपल्याला येतेच, ती काय शिकायची, अशी समजूत. व्याकरण असायचं ते संस्कृतचं आणि ते शास्त्र्यांनी शिकायचं.

त्याच सुमारास मुंबईत नव्या प्रकारच्या शाळा निघत होत्या. १८२२ साली सुरू झालेली एक संस्था पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आली. या संस्थेच्या शाळांत इंग्रजी शिकवलं जाऊ लागलं. दादोबा तिथे शिकले आणि त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरण आलं.

त्या काळात इंग्रजी व्याकरण म्हटलं की एक नाव पक्कं असायचं : लिंडली मरे. हा मूळचा अमेरिकन वकील, नंतर इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाला. तिथल्या एका मुलींच्या शाळेत शिकवण्यासाठी त्याने व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि १७९५ मध्ये ते छापलं. पुस्तक असं चाललं की इंग्लंड-अमेरिकेतल्या पिढ्या त्यावर वाढल्या. ज्या नियमांना आपण ब्रह्मवाक्य समजून घाबरतो, ते एका वकिलाने शाळकरी मुलींसाठी मांडून दिले होते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी भीती कमी होते.

२२ व्या वर्षी व्याकरण

दादोबांच्या आधी मराठीचं व्याकरण कुणी लिहिलंच नव्हतं असं नाही. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं होतं. पण ते होतं इंग्रजीत. साहेबांनी साहेबांसाठी केलेली सोय ती. मराठी शाळेत बसलेल्या मराठी मुलाला त्याचा काय उपयोग?

१८३६ साली दादोबांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. तेव्हा त्यांचं वय होतं २२. मांडणीचा साचा लिंडली मरेचा, सोबतीला संस्कृत व्याकरणाची परंपरा आणि मधे मराठी. पुढच्या कित्येक पिढ्या या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर व्याकरण शिकल्या.

इथे खरी मजा सुरू होते. कारण इंग्रजीच्या साच्यात मराठी बसवायला गेलं की ती काही ठिकाणी नीट बसते आणि काही ठिकाणी बाहेर उसवते. आणि जिथे ती उसवते, नेमक्या त्याच ठिकाणी आपलं इंग्रजी चुकतं.

उदाहरणं बघू.

नऊतून एक गेला, उरले आठ

मरेने इंग्रजी शब्दांचे नऊ प्रकार सांगितले. आपण शाळेत पाठ करतो त्या मराठी शब्दांच्या जाती आठ : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. ही आठांची रचना मराठीत रुळली ती दादोबांच्या व्याकरणापासून. मग नववा कुठे गेला?

नववा म्हणजे आर्टिकल. 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत हा प्रकारच नाही. आपण 'मी इंजिनिअर आहे' म्हणतो, 'मी एक इंजिनिअर आहे' असं म्हटलं तर ते सिनेमातलं वाक्य वाटतं. म्हणून इंग्रजीत बोलताना 'आय ॲम इंजिनिअर' बाहेर पडतं. मग कुणीतरी हसतं, की पुढच्या वेळी घाबरून आपण प्रत्येक नामाआधी 'द' लावत सुटतो. 'द मुंबई', 'द आई'.

ही चूक ज्याच्या तोंडून निघते तो ढ नसतो. त्याच्या डोक्यात आठ कप्पे आहेत आणि समोरची भाषा नववा मागते आहे. त्यावरचा सोपा उपाय असा : मराठीत जिथे 'कुठला तरी एक' म्हणता येईल तिथे 'अ' किंवा 'ॲन', जिथे 'तोच तो, आपल्याला माहीत असलेला' म्हणता येईल तिथे 'द'. सगळ्या जागा यातून सुटत नाहीत, पण रोजच्या मेलपुरतं काम होतं.

आधी की नंतर?

इंग्रजीतला प्रिपोझिशन नामाच्या आधी उभा राहतो. मराठीत तेच काम करणारा शब्द नामाच्या मागून येतो आणि त्याला चिकटतो : टेबलाखाली, घरासमोर, झाडामागे. म्हणून त्याचं नाव शब्दयोगी अव्यय, शब्दाला जोडून येणारं.

शिवाय मराठी पुष्कळदा प्रत्ययावरच काम भागवते. 'सोमवारी', 'मे महिन्यात', 'पाच वाजता'. इंग्रजीत मात्र सोमवारला 'ऑन', मे महिन्याला 'इन' आणि पाच वाजण्याला 'ॲट' लागतो. तीन वेगळे पाहुणे, तिघांना वेगळा पाट.

यातूनच निघतं ते प्रसिद्ध 'सिन्स टू इयर्स'. मराठीत 'दोन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजी मात्र विचारते, सुरुवात सांगताय की कालावधी? सोमवार ही सुरुवात, तिथे 'सिन्स'. दोन वर्षं हा कालावधी, तिथे 'फॉर'. 'डिस्कस अबाउट'चंही तसंच. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ते 'बद्दल' इंग्रजीत जाऊन 'अबाउट' होतं. इंग्रजीत 'डिस्कस'च्या पोटातच 'बद्दल' आहे, वेगळं लागत नाही.

आंबा खाल्ला, चिंच खाल्ली

इंग्रजीचा सरळ नियम : क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं. आता मराठी बघा. रामाने आंबा खाल्ला, सीतेने आंबा खाल्ला. राम जाऊन सीता आली तरी 'खाल्ला' जागचा हलला नाही. पण आंब्याच्या जागी चिंच आली की लगेच 'खाल्ली'. इथे क्रियापद कर्त्याला विचारतच नाही, ते कर्माच्या मागे जातं. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. इथे मरेचा साचा कामाचा नाही. संस्कृत व्याकरणाकडे वळावं लागतं आणि मराठीचं मराठीपण वेगळं ओळखावं लागतं.

काळाचंही असंच. 'मी काल आलो होतो' हे मराठीत अगदी साधं वाक्य. ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'आय हॅड कम यस्टरडे' होतं आणि इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. त्याच्या लेखी 'हॅड' आला म्हणजे आणखी काहीतरी त्यानंतर घडलेलं असणार. तुम्ही आला होतात, बरं, मग काय झालं? काही झालेलं नसतं. फक्त आला होतात. हे लिहिणाऱ्यानेही अशा 'हॅड'वाल्या मेल्सवर लोकांना वाट बघायला लावलेली आहे.

आणि 'कझिन ब्रदर'? मराठीत चुलतभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ, मावसबहीण. नातं सांगताना भाऊ की बहीण हे सांगितल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही. इंग्रजीने सगळ्यांना एका 'कझिन'मध्ये कोंबलं. आपण तिथे 'ब्रदर' जोडून जरा माहिती वाढवतो, तर तेही चूक ठरतं.

मराठीतून सुटणारे गोंधळ

याच्या उलटही होतं. इंग्रज माणूस ज्या चुका हमखास करतो, त्या मराठी माणूस चुटकीसरशी सोडवू शकतो. अट एकच, मनात भाषांतर करायचं.

'इट्स' अपॉस्ट्रॉफीसकट की अपॉस्ट्रॉफीशिवाय? वाक्यात 'ते आहे' बसत असेल तर अपॉस्ट्रॉफी द्या, 'त्याचं' बसत असेल तर नको. 'युअर'चं तसंच. 'तू आहेस' असेल तर अपॉस्ट्रॉफीवालं, 'तुझं' असेल तर साधं. 'देअर' तीन प्रकारचं : 'त्यांचं', 'तिथे' आणि 'ते आहेत'. 'देन' म्हणजे 'मग', 'दॅन' म्हणजे 'पेक्षा'. 'लूज' दोन ओंचं म्हणजे 'सैल', एका ओचं म्हणजे 'हरवणं'. पँट दोन ओंची, मॅच एका ओची.

इंग्रजाच्या कानाला हे शब्द सारखे किंवा जवळजवळ सारखे ऐकू येतात म्हणून तो फसतो. मराठीत त्यांचे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत राहतात, म्हणून आपल्याला ते वेगळे दिसतात. दोन भाषा येणाऱ्याला एक जादा डोळा असतो तो हा. दादोबांनी २२ व्या वर्षी हाच डोळा वापरला होता.

स्पेलिंगचं रडगाणं दोन्हीकडे

'डेट' म्हणजे कर्ज. त्याच्या स्पेलिंगमध्ये बी आहे आणि तो कुणी उच्चारत नाही. हा बी पंडितांनी लॅटिनमधल्या मूळ शब्दाची आठवण म्हणून मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला एस तर चक्क गैरसमजातून आला, कारण त्या शब्दाचा ज्या लॅटिन शब्दाशी संबंध लावला गेला तो मुळात त्याचा पूर्वज नव्हताच. 'नाइट' म्हणजे सरदार, त्याच्या सुरुवातीचा के एके काळी खरोखर बोलला जायचा. छपाई आली, स्पेलिंग गोठलं आणि उच्चार पुढे निघून गेला.

आपण तरी कुठे सुटलो? दादोबांच्या काळात रोजचं लिखाण मोडीत व्हायचं आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. छपाईसाठी देवनागरी पुढे आली आणि 'दिन' की 'दीन' हा प्रश्न घराघरात शिरला. विरामचिन्हंही अशीच बाहेरून आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढलं. 'नको, थांबू' आणि 'नको थांबू' यातला फरक एरवी आवाजाने कळायचा, तो आता कागदावर स्वल्पविरामाने दाखवता येऊ लागला.

पुढे १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि कितीतरी अनुस्वार गळाले. त्याआधी जे शुद्ध होतं ते एका फटक्यात जुनं झालं. दादोबांचं पुस्तक आज परीक्षेला बसवलं तर शुद्धलेखनाचे मार्क कापले जातील. नियम माणसं करतात आणि माणसंच बदलतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

शब्दांच्या जाती आणि माणसांच्या जाती

दादोबा नुसते व्याकरणकार राहिले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांचं आयुष्य फिरतं होतं. काही काळ ते माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबाचे शिक्षक होते. मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद, अंधश्रद्धा, भूतखेत यांच्याविरुद्ध उघड चर्चा करणारी ही सभा. १८४६ साली बाळशास्त्री जांभेकर गेले आणि त्यानंतर शिक्षक घडवणाऱ्या मुंबईच्या नॉर्मल स्कूलची जबाबदारी दादोबांकडे आली. १८४८ साली ज्ञानप्रसारक सभेचे ते अध्यक्ष झाले.

मग १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी सुरू झाली. तिच्यामागचा विचार मुख्यतः दादोबांचा. हेतू होता जातिभेद मोडणं. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज हे वाचून हसू येईल, त्या काळात एवढ्यावर माणूस वाळीत पडायचा. घरात प्रवेश बंद, लग्नकार्य बंद, मेल्यावर खांदा द्यायला कुणी नाही.

म्हणून मंडळीचं काम गुप्तपणे चालायचं. आणि तिचा घात त्या गुप्ततेनेच केला. १८६० च्या सुमाराला सभासदांच्या नावांची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर फुटली, गावभर बोभाटा झाला आणि मंडळी विस्कटली. एकत्र बसून पाव खाणारी माणसं उजेडात उभी राहू शकली नाहीत.

ही बाजू झाकून दादोबांचं चरित्र सांगण्यात अर्थ नाही. शब्दांच्या जाती त्यांनी सगळ्यांसमोर नीट लावून दिल्या. माणसांच्या जाती नकोत हे त्यांना पटलं होतं, पण ते जगजाहीर करायची ताकद त्या पिढीकडे कमी पडली. भाषेतली चूक दाखवायला पेन पुरतं, समाजातली चूक दाखवायला घरदार पणाला लावावं लागतं.

पण ठिणगी विझली नाही. १८६७ साली आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज काढला, यावेळी उघडपणे. काम गुप्तपणे करायचं नाही हा धडा परमहंस मंडळीने शिकवलेला होता. जातीचा पाव-पाण्याचा प्रश्न मात्र त्यांनीही सावधपणे बाजूला ठेवला.

घरभर इंग्रजी, पण घाबरलेलं नाही

या घराचं इंग्रजीशी नातं बघण्यासारखं आहे. दादोबांचा भाऊ भास्कर पांडुरंग याने १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहिली आणि इंग्रज राज्य हिंदुस्थानची कशी लूट करतंय ते इंग्रजीतच सुनावलं. साहेबाची भाषा शिकून ती साहेबावरच चालवली.

आत्माराम यांची मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे ॲना. १८७८ साली कोलकात्याहून एक सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडला जाण्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईत यांच्या घरी राहायला आला. शिकवायचं काम ॲनाकडे होतं. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर. पुढे साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या कवीलाही इंग्रजी बोलायची धाकधूक होती आणि ती घालवायला एक मराठी मुलगी लागली. तेव्हा मीटिंगमध्ये अडखळलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

४५ वर्षांनी पुरवणी

दादोबा पुढे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले, निवृत्त झाले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली, ती १८६५ ची. आत्मचरित्रही लिहिलं, ते अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केलं.

पण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात शिकण्यासारखी तारीख १८८१ ची. त्या वर्षी त्यांनी आपल्याच व्याकरणाची 'पूरणिका' प्रसिद्ध केली. पूरणिका म्हणजे पुरवणी. २२ व्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकात काय राहिलं ते ६७ व्या वर्षी भरून काढायला हा माणूस बसला होता. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते गेले.

मराठीला नियम देणाऱ्या माणसाला ४५ वर्षांनीही आपलं काम पुरं झालं असं वाटत नव्हतं. आणि आपण कुणाच्या तरी एका अपॉस्ट्रॉफीवरून त्याची लायकी ठरवून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'आय हॅड कम यस्टरडे' म्हणालं तर हसण्याआधी एक सेकंद थांबा. त्या वाक्यात एक मराठी वाक्य आहे आणि ते व्याकरणाने अगदी बरोबर आहे. मग हवं तर त्याला बाजूला घेऊन 'हॅड' काढायला सांगा, चारचौघांत नको. आणि ठाकूरद्वारचं स्पेलिंग विचारलंच कुणी, तर जे येतं ते बिनधास्त लिहा.